चौदा मीटर आणि आरपार वारा

येरोलिम बाकोतिनच्या हृदयाचं पंपिंग अठ्ठेचाळीस टक्के निघालं आणि पाणबुड्यांच्या क्लबाला पन्नास हवं होतं. दोन टक्क्यांनी नापास होण्याची ही त्याची आयुष्यातली दुसरी वेळ. पहिल्यांदा तो चौदा वर्षांचा होता आणि विषय लॅटिन होता. लॅटिनवाचून त्याचं पुढे काहीच अडलं नाही. या वेळी मात्र अडणार होतं.

"नियम काही मी केलेला नाही, येरे," क्लबाचे सचिव शोर, म्हणजे श्रीयुत, तोमे म्हणाले.

"मग कोणी केला?"

"आपण सगळ्यांनी. मागच्या सभेत. तू स्वतः हात वर केला होतास."

येरेला ती सभा आठवत होती. बाहेर मासे भाजण्याचा वास सुटला होता आणि सभा लवकर संपावी म्हणून जो तो हात वर करत होता. साठीच्या जवळ आलेल्या सभासदाने दरवर्षी हृदयाची इको तपासणी करून घ्यावी, पंपिंग पन्नासच्या खाली असेल तर त्याला पाण्यात सोडू नये, असा ठराव त्या वासात मंजूर झाला. येरे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि साठीला फार अवकाश आहे असं त्याला वाटत होतं.

आता नोव्हेंबरची दोन तारीख तीन आठवड्यांवर आली होती. त्या दिवशी सगळं स्प्लिट शहर शेवंतीची फुलं आणि दिवे घेऊन आपापल्या मेलेल्या माणसांना भेटायला जातं. येरेचा मित्र बेपो याची कबर दफनभूमीत होती, पण बेपोची बायको पेरिना ती कबर मानत नसे. तिच्या मते बेपो होता तो बेटाजवळच्या खडकाखाली, चौदा मीटर पाण्यात, जिथे बारा वर्षांपूर्वी एका शनिवारी त्याचं हृदय बंद पडलं. तिथे क्लबाने पितळेची पाटी बसवली होती. पेरिना बाजारातून बॅटरीचा दिवा आणायची, तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवून झाकण मेणाने बंद करायची, आणि येरे ती बरणी छातीशी धरून खाली जायचा, पाटीपाशी ठेवायचा, वर यायचा. बारा वर्षं हे चाललं होतं. पेरिना स्वतः त्या शनिवारपासून समुद्राच्या काठालासुद्धा गेलेली नव्हती.

या वर्षीची बरणी धुऊन तिच्या खिडकीत उपडी घातलेली येरेला रोज जिन्यातून दिसत होती.

नापास झाल्याची बातमी इमारतीत पसरायला अर्धा तास लागला. पहिल्या मजल्याने बिटाचा रस सुचवला. दुसऱ्या मजल्याने लाल वाइन. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी लाल वाइन ताबडतोब बंद करायला सांगितलं. त्यावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचं जिन्यातच भांडण जुंपलं, त्यात येरेचं हृदय बाजूला राहिलं आणि कोणाच्या गॅलरीतून कोणाच्या कपड्यांवर पाणी गळतं हा मूळ मुद्दा निघाला. येरे बिटाचा रस हातात धरून दोघींच्या मधल्या पायरीवर उभा होता. एका माणसाच्या हृदयाबद्दल इतक्या लोकांना इतकी माहिती असणं त्याला अपमानास्पद वाटलं, पण हे बोलून दाखवायला कोणी जागाच देईना.

शेवटी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली ती पेरिनाच. शहराबाहेरच्या एका संस्थेला स्वयंसेवक हवे होते. दाबाच्या टाकीत बसवून, शुद्ध ऑक्सिजन देऊन, सायकल चालवायला लावायची आणि त्या व्यायामाचा हृदयाच्या पंपिंगवर काय परिणाम होतो ते बघायचं, असा अभ्यास होता.

"दाबून ऑक्सिजन भरणार रे," पेरिना म्हणाली. "वाईट कसं होईल? सायकलच्या चाकात हवा भरतात तसंच."

"चाक नवं असेल तर," येरेची बायको तेरेझा स्वयंपाकघरातून म्हणाली.

शोर तोमेंनीही मान डोलावली. "त्या संस्थेच्या शिक्क्याचा, पन्नास लिहिलेला कागद आण. वरचे दोन टक्के कुठून आणलेस, मी विचारणार नाही."

इथून कागदांचा प्रवास सुरू झाला. येरेने जमीन नोंदणीच्या कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली होती. समोरच्या माणसाला एक कागद कमी आहे हे शांतपणे सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभं राहिल्यावर त्याला कळलं की ते वाक्य ऐकायला कसं वाटतं. संस्थेला कानांच्या डॉक्टरचा दाखला हवा होता. कानांच्या डॉक्टरला घरच्या डॉक्टरची चिठ्ठी हवी होती. घरच्या डॉक्टरच्या नर्सने सांगितलं की चिठ्ठी देता येईल, पण कशासाठी हवी ते संस्थेकडून लिहून आणा. संस्था म्हणाली, आधी दाखला. येरेने मनातल्या मनात शिस्तीचं कौतुक केलं आणि दोन दिवस जेवला नाही. कानांच्या डॉक्टरकडची तारीख तर मार्चमधली मिळाली. तिथे पेरिना स्वतः काळ्या कपड्यांत जाऊन बसली, काही बोलली नाही, नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच येरेचे कान तपासून झाले.

संस्थेच्या डॉक्टर स्मिल्याना यांनी त्याचा इको बघितला आणि त्या एकदम खूश झाल्या.

"अठ्ठेचाळीस! असंच माणूस आम्हाला मिळत नव्हतं. धडधाकट आहेत, अगदी आजारी आहेत. पण हे असं, जरासं बिघडलेलं..."

येरेने सही केली. संमतीपत्र अकरा पानांचं होतं. बत्तीस वर्षं लोकांना 'पूर्ण वाचून सही करा' म्हणणाऱ्या माणसाने त्यातलं एकही पान वाचलं नाही.

ठरलेल्या दिवशी युगो सुटला होता. हा दक्षिणेचा वारा सुटला की शहराचं डोकं धरतं, नवरा-बायको एकमेकांना जुन्या गोष्टी ऐकवतात आणि शहाणी माणसं महत्त्वाचं काहीही पुढच्या आठवड्यावर ढकलतात. पण टाकीची वेळ ढकलता येत नव्हती. सकाळी सातलाच पेरिना बाटली घेऊन आली.

"शर्ट काढ."

बाटलीत औषधी वनस्पती घातलेली रकिया ही इकडची कडक दारू आणि बेटावरचं ऑलिव्हचं तेल होतं. पेरिना बारा वर्षं हिवाळा सुरू झाला की येरेची छाती, मान आणि पाठ त्याने चोळत असे, वरून लोकरीची बंडी घालायला लावत असे. कारण आरपार वारा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या आणि माणूस मध्ये सापडला, की त्याची मान धरते, तोंड वाकडं होतं, किंवा तो सरळ मरतो, याबद्दल इथे डॉक्टरांपासून मासळीवालीपर्यंत कोणाच्याही मनात शंका नाही. आरपार वारा लागला म्हटल्यावर पुढे प्रश्न विचारायची पद्धत नाही. लग्न टाळता येतं, कोर्टातली साक्ष टाळता येते.

"तुझ्या मानेनेच तुला वाचवलं रे येरे," पेरिना नेहमीसारखं म्हणाली. "नाहीतर त्या दिवशी तूही त्याच्याबरोबर गेला असतास. मग मी आणि तेरेझा दोघी काळ्या कपड्यांत."

येरे गप्प बसला. याही वर्षी गप्प बसला. कारण त्या शनिवारी त्याची मान धरलेलीच नव्हती. सकाळी सहाला बेपोचा फोन आला, 'चल, समुद्र तेलासारखा शांत आहे,' आणि येरेला उठायचा कंटाळा आला. बस, एवढंच. अंथरूण उबदार होतं. त्याने आवाज पाडून सांगितलं की रात्री खिडकी उघडी राहिली, मान धरली. पाणबुडे एकटे पाण्यात उतरत नाहीत. बेपो उतरला. डॉक्टर नंतर म्हणाले की बरोबर कोणी असतं तरी कदाचित उपयोग झाला नसता. 'कदाचित' हा शब्द येरेने बारा वर्षं उशाशी घेतला होता.

पुढे ते खोटं निभवावं लागलं. अंत्ययात्रेत तो भर जूनच्या उन्हाळ्यात मफलर बांधून उभा होता. मग लोकच त्याला जपायला लागले. बसमध्ये त्याला बघून खिडक्या बंद होत. कोणाची मान धरली तर सल्ल्याला येरेकडे पाठवत आणि येरे सल्ला देई. इमारतीतला आरपार वाऱ्याचा सगळ्यात जुना आणि मानाचा रुग्ण तो होता. आणि त्याला दर हिवाळ्यात तेल चोळणारी बाई ही बेपोची बायको होती. येरेला अनेकदा वाटे की खरं सांगावं. पण तेव्हा नेमका तिचा हात त्याच्या मानेवर असे.

संस्थेत पेरिनाही बरोबर आली. टाकीत वारा कुठून येतो ते तिला स्वतः बघायचं होतं. टाकी म्हणजे झोपवलेला लोखंडी पिंप होता, गोल काचांचा, आत दोन बाकं आणि एक सायकल. तंत्रज्ञ ल्युबो दाराशी उभा होता. येरे तीन पावलांवर येताच त्याने नाक वर केलं.

"शोर येरोलिम, अंगाला काय लावलंय?"

"थोडं तेल. आणि थोडी रकिया."

ल्युबो पांढरा पडला. "ऑक्सिजनमध्ये? तेल, दारू आणि ही लोकर? अहो, एक ठिणगी पडली तर आत जेवण तयार होईल! माणसाला असं आणतात का? मासा आणतात असा. नुसती रोझमेरी राहिली."

"रोझमेरी आहे त्यात," पेरिना म्हणाली.

पुढची चाळीस मिनिटं येरेच्या आठवणीतून कधीच गेली नाहीत. ल्युबोने त्याला शॉवरखाली उभा केला आणि भांड्यांच्या साबणाने घासला, एकदा, दोनदा, वास घेऊन तिसऱ्यांदा. केससुद्धा धुतले. घासता घासता ल्युबो नियम सांगत होता: कान दुखले तर हात वर करा, लायटर नको, घड्याळ नको, मुखवट्यात माइक आहे, बाहेर सगळं ऐकू येतं, चक्कर आली तर बोला. येरेच्या कानात साबण होता. त्याला 'लायटर नको' एवढं ऐकू आलं. मग सुती पायजमा दिला तो गुडघ्याच्या जरा खालीच संपत होता. त्या अवस्थेत, निथळत्या केसांनी, त्याला कॉरिडॉरमधून पेरिनासमोरून नेण्यात आलं.

"केस ओले!" पेरिना किंचाळली. "मारणार त्याला तुम्ही!"

ल्युबोने तिला शांत करण्यासाठी आपल्याजवळ, बटणांच्या टेबलाशी, खुर्ची दिली.

डॉक्टर स्मिल्याना इको मशीन घेऊन येरेबरोबर आत बसल्या. दार बंद झालं, हवा शिरू लागली, आत उकडायला लागलं. येरेने नाक दाबून कान मोकळे केले, सवयीने, पाण्यात करायचा तसेच. भिंतीवरच्या तबकडीचा काटा सरकत होता. तो थांबला.

"चौदा मीटर," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज घट्ट हवेत नाकातून आल्यासारखा वाटत होता. "पाण्याखाली चौदा मीटरवर असतो तेवढा दाब. मुखवटा लावा. दहा मिनिटं सायकल, मग तपासणी."

येरे पायडल मारू लागला. ऑक्सिजन कोरडा होता. मुखवट्यात स्वतःचाच श्वास ऐकू येत होता, खाली येतो तसाच, आत, बाहेर, आत, बाहेर. दहा मिनिटं झाली, डॉक्टरांनी त्याला बाकावर कुशीवर झोपवून छातीवर यंत्र फिरवलं. पुन्हा सायकल. पुन्हा बाक. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलेलं बघून येरेला वाटलं, पन्नास झाले. बावन्नसुद्धा असतील.

"वाढलं ना?" त्याने मुखवटा सरकवून विचारलं.

"छे, कमी झालं! ठोके कमी, रक्त ढकलणं कमी, टक्केवारी शेहेचाळीस. अगदी आमच्या अंदाजाप्रमाणे." त्या खरोखर आनंदात होत्या. "इतका ऑक्सिजन आयता मिळाल्यावर हृदय कशाला धावपळ करेल? ते स्वस्थ बसतं. मुखवटा लावा बरं."

"पण मला पन्नासचा कागद हवाय."

"कागद? अभ्यासातले आकडे कोणत्याही दाखल्यासाठी देत नाही. नवव्या पानावर लिहिलंय."

त्या वळून आकडे लिहू लागल्या. येरे मुखवटा लावून सायकलवर बसून राहिला. पायडल मारायचं कारण संपलं होतं. त्याचं हृदयसुद्धा त्याच्यासारखंच निघालं होतं, आयतं मिळाल्यावर स्वस्थ बसणारं. समोर तबकडीचा काटा चौदावर होता. या वर्षी तो चौदा मीटरवर पोचला होता खरा, लोखंडी पिंपात, आखूड पायजम्यात, साबणाचा वास येणारा. आणि यापुढे कधीच पोचणार नव्हता. दरवर्षी खाली पाटीपाशी बरणी ठेवताना त्याला काहीतरी सांगायचं असे, पण तोंडात नळी असे. आज तोंडात नळी नव्हती. मुखवटा होता, आणि मुखवट्यातलं कोणाला ऐकू जाणार?

"बेपो," तो हळूच म्हणाला. "मी येरे. दिवा नाही आणला रे. जमलं नाही." थोडं थांबून म्हणाला, "माझी मान धरली नव्हती त्या दिवशी. खिडकी बंदच होती. मला नुसता उठायचा कंटाळा आला होता. तू वाट बघितलीस का रे धक्क्यावर?"

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. गोल काचेतून येरेला बाहेरचं टेबल दिसलं. ल्युबो घाईघाईने कसलं तरी बटण शोधत होता. पेरिना बसल्या जागी ताठ झाली होती आणि टेबलावरच्या स्पीकरकडे बघत होती.

दाब हळूहळू उतरवावा लागतो. तबकडी चौदावरून शून्यावर यायला वीस मिनिटं लागली. आत धुकं झालं, थंडी भरली. येरेला वाटलं की काटा असाच कुठेतरी अडकून राहावा आणि दार कधी उघडूच नये. दार उघडलं.

पेरिना खुर्चीतून उठली. त्याची बंडी तिने घडी करून मांडीवर धरली होती, ती त्याच्या हातात दिली. बस येईपर्यंत दोघं थांब्यावर उभी राहिली.

बसमध्ये दोघं शेजारी बसली. सगळ्या खिडक्या घट्ट बंद होत्या. पहिला थांबा गेल्यावर पेरिना उठली, येरेच्या डोक्यावरून हात नेऊन तिने त्याची खिडकी सरकवली. मग पलीकडे जाऊन, दोन माणसांना बाजूला सारून, समोरची खिडकी उघडली. युगो बसमधून आरपार गेला.

"अहो बाई! आरपार वारा येतोय!" कोणीतरी ओरडलं.

"येऊ दे."

"त्या माणसाचे केस ओले आहेत!"

"माहीत आहे मला," पेरिना म्हणाली, आणि परत येऊन त्याच्या शेजारी बसली.

काळ्या कपड्यांतल्या बाईशी कोणी वाद घातला नाही. लोक कॉलर वर करून पुढे सरकले. येरेच्या खिशात मफलर होता. तो त्याने काढला नाही. वारा त्याच्या ओल्या मानेवर येत होता, त्याला लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याला जपत नव्हतं याचं बरंही वाटत होतं. अकरा थांबे होते. तो अकराही थांबे तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येरेची मान धरली. डावीकडे धरली ती हनुवटी खांद्याला लागली, तिथून हलेना. तेरेझाने दार उघडलं तेव्हा बाहेर पेरिना बाटली घेऊन उभी होती. रात्रभर जागल्यासारखे तिचे डोळे होते.

"धरली?" तिने आत येऊन विचारलं.

"धरली."

"बघू." तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं पकडलं आणि सरळ केलं. येरेची किंकाळी पहिल्या मजल्यापर्यंत गेली.

"खरी आहे," ती तेरेझाला म्हणाली. मग त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि तळहातावर तेल ओतलं.

बराच वेळ ती चोळत राहिली, नेहमीपेक्षा पुष्कळ जोराने.

"बारा वर्षं चोळलं मी तुला."

"हो."

"बेटावरचं तेल. घरात सॅलडला मी साधं वापरायची."

"हो, पेरिना."

"मला वाटायचं, एक गेला, हा तरी नीट राहू दे."

तेरेझा स्टोव्हकडे तोंड करून उभी होती आणि कॉफी उतू जात होती तरी तिने ती उतरवली नाही.

"दोन तारखेसाठी क्लबाची होडी माग," पेरिना म्हणाली. "चौदा मीटर दोरी घे. बरणीला बांधून खाली सोडायची. मी सोडणार. तू फक्त वल्हवायचंस."

"तू? समुद्रावर?"

"मग काय तुझ्यावर सोपवू?"

"पंपिंग शेहेचाळीस आहे माझं."

"हळू वल्हव." तिने बाटलीचं बूच लावलं, हात पुसले, आणि दाराशी जाऊन थांबली. "सकाळी सहाला खाली ये. आणि येरे, कंटाळा आला तर फोन करून कंटाळा आला असं सांग."

मान वळवता येत नव्हती, त्यामुळे येरे भिंतीकडे बघतच "येतो" म्हणाला.